द्राक्षबागेच्या टोळ्यांसाठी ॲप काढायचंय, एमव्हीपीमध्ये (पहिल्या चाचणीच्या व्हर्जनमध्ये) नेमकं काय ठेवू?

सावळज_ते_सांगली

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक झालंय पण वाचा. मी तासगाव तालुक्यातला, घरची द्राक्षबाग आहे, इंजिनिअरिंग सांगलीतच झालं आणि आता पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरी बसून करतो, त्यामुळं दर ऑक्टोबर छाटणीला घरात काय तमाशा चालतो तो डोळ्यादेखत बघतोय. मजुरांची टोळी ठरलेली असते, मुकादमाला उचल दिलेली असते, आणि ऐनवेळी फोन लागत नाही, लागला तर "दादा उद्या येतो" "दादा परवा नक्की". छाटणी झाली की काडीवरचे डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावायला दोन दिवसाच्या वर थांबता येत नाही हे इथं बागायतदारांना सांगायला नको, आणि अर्धी बाग छाटून टोळी दुसरीकडं गेली की मग काय होतं ते पण सांगायला नको. पुढं विरळणीला (घडातले जादा मणी काढायला) तेच, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) तेच.

तर डोक्यात असं आहे की टोळ्या आणि बागायतदार यांना जोडणारं ॲप काढायचं. शेतकरी एकर, व्हरायटी, काम आणि तारीख टाकणार, मुकादम आपली टोळी किती माणसांची, सध्या कुठं आहे, कधी मोकळी ते टाकणार, ॲप जुळवून देणार. त्यात रेटिंग, ऑनलाइन पेमेंट, लोकेशन, मराठी-कन्नड दोन्ही भाषा (सीमेकडच्या बऱ्याच टोळ्यांत कन्नड बोलणारे असतात), जमलं तर हवामानाचा अलर्ट पण. पुण्यातल्या एका एजन्सीनं साडेचार लाख सांगितलेत, "एमव्हीपी तीन महिन्यात देतो" म्हणालेत. एक मित्र फ्लटरमध्ये (ॲप बनवायचं साधन) काम करतो, तो म्हणतो मी फुकट करतो पण शनिवार-रविवारच वेळ आहे. वडील म्हणतात साडेचार लाखात औषध फवारायचा ब्लोअर येईल, आणि त्यांचं काय चुकतंय म्हणा.

गावात आणि आजूबाजूला बऱ्याच शेतकऱ्यांना विचारलं, सगळेच म्हणाले लई भारी, काढच. आता ऑगस्ट चालू आहे, आगाप (लवकरच्या) छाटण्या तोंडावर आल्यात. तर मला सांगा, यातले कुठले फीचर पहिल्या व्हर्जनला ठेवू, कुठले मागं टाकू, आणि ते टेस्ट कसं करायचं? एजन्सी का मित्र हे पण सांगा.

विश्रामबाग_कट्टा

भावा पहिलं म्हणजे एजन्सीला थांबव. आत्ता पैसे दिलेस तर तीन महिन्यानं म्हणजे नोव्हेंबर, म्हणजे बऱ्याच छाटण्या उरकलेल्या, म्हणजे तुझी खरी टेस्ट पुढच्या सीझनवर गेली आणि तोवर साडेचार लाख अडकून पडले. तुझ्या धंद्यात वर्षातून मोजके आठवडेच असे आहेत की ज्यात काहीतरी कळेल, ते सॉफ्टवेअरची वाट बघण्यात घालवू नको.

आता तू लिहिलेल्या यादीकडं बघ. रेटिंग बनवता येतं का, येतं. पेमेंट, लोकेशन, दोन भाषा, अलर्ट? सगळं येतं, रोज कोणीतरी बनवतंय. मग ते बनवून तुला नवीन काय कळणार? एमव्हीपी म्हणजे छोटं ॲप असं एजन्सीवाले धरूनच चालतात कारण त्यांना ॲप विकायचंय. ज्या गोष्टीवर तुझा सगळा डोलारा उभा आहे आणि जी खरी आहे का खोटी ते अजून तुला माहीतच नाही, ती सगळ्यात स्वस्तात कशी तपासायची एवढाच त्याचा अर्थ. मग त्यात ॲप असेल किंवा नसेल.

एक उदाहरण देतो, जुनं आहे पण तुला चपखल बसतंय. अमेरिकेत 1999 ला निक स्विनमर्न नावाच्या माणसाला बूट ऑनलाइन विकायचे होते. शंका एकच, पायात घालून न बघता लोक बूट घेतील का? त्यानं गोडाऊन घेतलं नाही, माल भरला नाही. जवळच्या चपलांच्या दुकानात जाऊन फोटो काढले, साइटवर टाकले, आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातनं बूट विकत आणून गिऱ्हाइकाला पाठवले. त्यात कमाई काय होणार, पण शंका फिटली. त्याचंच पुढं झॅपोस झालं आणि 2009 ला ॲमेझॉननं घेतलं.

तू पण तसंच कर. एक नवीन सिम, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस, मागं गुगल शीट, आणि जुळवाजुळव करणारं ॲप म्हणजे तू स्वतः. शेतकऱ्यानं फोन केला की तू लिहून घ्यायचं, मुकादमांना फोन लावायचे, टोळी मिळाली की कळवायचं. एकच पट्टा धर, सावळजच्या आसपासची पाच-सहा गावं बस, अख्खा जिल्हा अंगावर घेऊ नको. मित्राला सध्या चहा पाज आणि तयार ठेव.

आणि हो, ब्रॉडकास्ट लिस्टच्या भरवशावर राहू नको. एका लिस्टला 256 च नंबर बसतात आणि ज्यानं तुझा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. निम्म्या लोकांना पोचलाच नाही आणि तू समजणार की कुणाला गरजच नाही.

मिरज_जंक्शन

एवढी पण मजुरी कशाला. ड्रॉपबॉक्सनं (फायली ऑनलाइन ठेवायची सेवा) सगळं तयार व्हायच्या आधी नुसता व्हिडिओ टाकला होता आणि वेटिंग लिस्ट एका रात्रीत 5,000 वरनं 75,000 वर गेली म्हणतात. मस्त दोन मिनिटाचा व्हिडिओ कर मराठीत, बागेत उभं राहून, फेसबुकवर द्राक्षाच्या ग्रुपमध्ये टाक, नंबर गोळा कर. हजार नंबर आले तर पैसे घाल.

विश्रामबाग_कट्टा

@मिरज_जंक्शन तिथं ते चाललं कारण फायली आपोआप सगळ्या कॉम्प्युटरवर जातात ही गोष्ट लोकांना नुसती सांगून पटत नव्हती, बघितल्यावर पटली. इथं कुणाला काय पटवायचंय? ऑक्टोबरमध्ये टोळी पाहिजे का असं विचारलं तर हजार काय पाच हजार नंबर येतील. शेतकऱ्याला टोळी पाहिजे यात शंका कधी होती? शंका दुसऱ्या बाजूला आहे, टोळीच्या.

जत_पूर्व

तीच दुसरी बाजू सांगतो. आमचे चुलते मुकादम आहेत, मी पण शाळा-कॉलेजला असताना सुट्टीत टोळीबरोबर छाटणीला गेलोय, कात्री धरून हाताला फोड आलेले माहितेत.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्याकडं सगळे म्हणतात की मुकादम लबाड, फोन उचलत नाही. मुकादमाकडं वर्षानुवर्षाची ठरलेली घरं असतात. यांची इतकी एकर, त्यांची इतकी, कुणाची कधी ते अंदाजानं डोक्यात बसलेलं असतं. मग पाऊस लागतो. चार घरं म्हणतात छाटणी पुढं ढकल, डाऊनी रोगाचं भ्या आहे. मग ऊन पडतं आणि ती चारही घरं आणि पुढची चार अशी आठ घरं एकाच दिवशी म्हणतात आज ये. माणसं तेवढीच. तो कुणालाच नाही म्हणत नाही कारण नाही म्हटलं की पुढच्या वर्षी ते घर गेलं. म्हणून "उद्या येतो". उत्तरच नाही त्याच्याकडं, म्हणून फोन उचलत नाही. तुझ्या ॲपमध्ये तो "कधी मोकळा" ते काय भरणार, त्याचं त्यालाच माहीत नसतंय.

पण एक गोष्ट आहे जी कुणी बघत नाही. मधले मोकळे दिवस. टोळी पळशीत उतरली, तीन एकराचं बोलणं झालेलं, शेतकरी आभाळ बघून म्हणाला आता एकच एकर करा बाकीचं पुढच्या आठवड्यात. झालं, दोन दिवस माणसं नुसती बसून. काम उक्तं असतंय, बसलं की रुपया नाही, जेवणखाण मात्र चालूच. घरी परत यायचं म्हटलं तर गाडीचं भाडं अंगावर. अशावेळी चुलते दहा जणांना फोन करतात की कुठं काय काम आहे का. त्या दोन दिवसाचं काम जो कोण देईल त्याचा फोन मुकादम पहिल्या रिंगला उचलतो, लिहून ठेव. तू सीझनची बुकिंग घ्यायला गेलास तर तुला कुणी विचारणार नाही, त्यांची घरं ठरलेलीच आहेत. मोकळे दिवस विकायला गेलास तर विचारतील.

दुसरं, अनोळखी शेतकऱ्याकडं टोळी सहजासहजी जात नाही. काम झाल्यावर एकर कमी मोजतात, पाऊण एकराचे पैसे देतात, बाकीचे पेमेंट आल्यावर म्हणतात. गाडीचं डिझेल कुणाचं, राहायला शेड आहे का, बायका आहेत टोळीत तर पाण्याची-संडासाची सोय काय, हे विचारल्याशिवाय गाडी हलत नाही. तुझ्या फॉर्ममध्ये व्हरायटी आहे, यातलं एक पण नाही. आणि रेटिंग म्हणतोस ते शेतकऱ्याला पण देणार का? नुसतं मुकादमाला देणार असशील तर राहू दे.

कन्नड-मराठीचं नंतर बघ. कुठल्याच भाषेत टाइप करत बसणार नाहीत, व्हॉइस मेसेज चालतो, फोन त्याहून बरा.

बागायतदार_मणेराजुरी

पोरा तुला सगळ्यांनी भारी म्हटलं त्यात काय नवल. तू ओळखीतल्याचा पोरगा, शिकलेला, तोंडावर कोण नको म्हणेल. मला विचारलं असतंस तर मी पण भारीच म्हटलं असतं, वर चहा पाजला असता. पण "काका मग 200 रुपये आत्ता द्या, ऑक्टोबरला टोळी लागली तर बघून देतो" असं म्हणाला असतास तर मी म्हणालो असतो, बघू की छाटणीच्या टायमाला.

आणि खरं सांगू का, टोळी बांधावर आली, काम चांगलं केलं, तर मी मुकादमाचा नंबर घेणारच. तो पण देणारच. पुढच्या खेपेला मधी तुझं काय काम? सोयरीक जमली की मध्यस्थाला कोण विचारतंय.

सावळज_ते_सांगली

काका तुम्ही तर वर्मावरच बोट ठेवलंत. आणि जत_पूर्व भावा तुझी कमेंट आईला वाचून दाखवली, ती म्हणाली बरोबर बोलायलाय, आपण पण मागच्या वर्षी आभाळ बघून अर्ध्यातच थांबवलं होतं की. हे माझ्या डोक्यात शेतकऱ्याच्या बाजूनंच होतं सगळं.

पण मग अडचण अशी की नंबर एकमेकांना मिळाला की मी बाहेर. नंबर लपवायचा का? ॲपमधनंच कॉल जाईल असं करता येतं. का मग पैसे आधीच घ्यायचे?

टेस्टिंगवाली_मिरज

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, माहेर बागायतदाराचं आहे त्यामुळं दोन्ही थोडं थोडं कळतंय.

नंबर लपवायच्या नादाला लागू नकोस. बागेत चार-पाच दिवस एकत्र असणारी माणसं नंबर घेणार नाहीत असं होईल का. अमेरिकेत होमजॉय म्हणून कंपनी होती, घर साफ करायला माणसं पाठवायची, भरपूर फंडिंग, 2015 ला बंद पडली. बंद करताना कामगारांनी घातलेल्या केसेसचं कारण सांगितलं गेलं, पण त्याबद्दल नंतर जे लिहिलं गेलं त्यात हे पण आलं की स्वस्तातल्या पहिल्या ऑफरला आलेली गिऱ्हाइकं परत येत नव्हती आणि ज्यांना माणूस आवडला ती परस्पर ठरवून मोकळी व्हायची. आपल्याकडं घरगुती कामांना कारागीर पुरवणारी अर्बन कंपनी 2014 ला अर्बनक्लॅप नावानं सुरू झाली तेव्हा बहुतेक नुसतं गिऱ्हाइकाचं नाव-गाव कारागिराला द्यायची, पुढं ते सोडून ठरलेले रेट, ट्रेनिंग, सामान हे सगळं स्वतःकडं घेतलं. म्हणजे ओळख करून देण्याचे पैसे फार दिवस मिळत नाहीत, एकमेकांना जे जमत नाही ते करून देण्याचे मिळतात.

मग इथं कुठली गोष्ट अशी आहे की जी काकांना मुकादमाचा नंबर असून पण जमत नाही? तू स्वतःच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंयस. ठरलेली टोळी आली नाही, बाग अर्धी छाटलीय, पेस्टचा टाइम चाललाय. त्यावेळी काकांकडं एका मुकादमाचा नंबर आहे आणि तोच उचलत नाहीये. तुझ्याकडं त्या दिवशी कुठली टोळी कुठं बसून आहे याची माहिती असेल तर तू उद्या सकाळी बदली टोळी देऊ शकतोस. ते पैसे देण्यासारखं आहे, आणि ते दरवर्षी लागणार आहे, कितीही नंबर घेतले तरी. जत_पूर्वनं सांगितलेले मोकळे दिवस म्हणजे तुझा माल आणि अडलेला शेतकरी म्हणजे तुझं गिऱ्हाईक. सीझन बुकिंग, रेटिंग सगळं काढून टाक.

आता टेस्टिंग. सीझन सुरू व्हायच्या आधी एका कागदावर लिही की काय झालं तर हे चालतंय म्हणायचं आणि काय झालं तर सोडायचं. नंतर लिहिलंस तर जे झालं तेच बरोबर वाटायला लागतं, आमच्या ऑफिसात रोज बघते. उदाहरणार्थ, बदली टोळी मागितलेल्या दहातल्या सहा जणांकडं दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत माणसं उभी राहिली पाहिजेत, आणि दहातल्या निम्म्यांनी तरी टोळी निघायच्या आधी टोकन यूपीआयवर पाठवलं पाहिजे. आकडे तुझे तू ठरव पण आधी ठरव, आणि कुणालातरी पाठवून ठेव म्हणजे नंतर खोडता येणार नाही. टोळी आली नाही तर टोकन त्याच दिवशी परत, त्यात घासाघीस नाही.

शीटमध्ये नुसतं "जुळलं / नाही जुळलं" नको. फोन कधी आला, आधीची टोळी का आली नाही, किती मुकादमांना फोन लावले, त्यातल्या कितींनी उचलला, जे नाही म्हणाले ते कशामुळं (लांब, पैसे, राहायची सोय), टोळी किती वाजता पोचली, मुकादमाला पैसे कधी मिळाले. आणि तारीख बदलली तर जुनी पुसून नवी टाकू नकोस, शेजारी नवा कॉलम कर. तारखा किती वेळा हलतात हीच तुझी सगळ्यात मोठी माहिती आहे, ती पुसली की गेली. सीझन संपल्यावर सगळ्यांना एकदा फोन करून विचार की नंतर त्याच टोळीला परस्पर बोलावलं का. खोटं नाही सांगणार, त्यात लपवण्यासारखं काय आहे.

आता मला खरंच खटकतंय ते म्हणजे विश्रामबाग_कट्टानं सांगितलेलं एकच पट्टा धर हे. एरवी हा सल्ला बरोबर असतो. पण इथं पाच-सहा शेजारच्या गावात पाऊस एकाच दिवशी पडणार, उघडीप एकाच दिवशी मिळणार, म्हणजे सगळ्यांना टोळी एकदम लागणार आणि एकदमच नको होणार. ज्या दिवशी बसून असलेल्या टोळ्या आहेत त्या दिवशी कुणालाच गरज नाही, आणि ज्या दिवशी गरज आहे त्या दिवशी एकही टोळी मोकळी नाही. मग टेस्ट फेल जाईल आणि तुला वाटेल आयडियाच खोटी.

विश्रामबाग_कट्टा

ताई हे बरोबर आहे, माझ्या डोक्यात ओला-उबरसारखं चित्र होतं, तिथं जवळ जवळ असलेलं चांगलं असतं. मग दोन पट्टे घ्यावेत का, छाटणीच्या तारखा वेगळ्या असणारे? सगळा जिल्हा काय एका वेळी छाटत नाही, आगाप-मागास असतंच.

जत_पूर्व

असतंय की. खानापूरकडं पळशी भागात वेगळं, मिरज पूर्वेला सलगरेकडं वेगळं, आमच्याकडं बेदाण्याच्या बागा आहेत त्यांचं वेगळं. पण पट्टे लांब झाले की डिझेल वाढतंय. दोन दिवसाच्या कामासाठी टोळी लई लांब जाणार नाही, गाडीभाडं कुणीतरी दिलं तरच. ते टोकनमधनं जाणार का शेतकरी वेगळं देणार ते आधी ठरव, नाहीतर बांधावर भांडण होणार आणि दोघं पण तुलाच फोन लावणार.

स्टार्टअप_राजे

सगळं ठीक आहे पण मंडळी, फोन आणि एक्सेल शीट घेऊन गेलं तर इन्व्हेस्टर दारात पण उभं करणार नाही. ॲप पाहिजेच. कमीत कमी लॉगिन आणि डॅशबोर्ड तरी दिसलं पाहिजे. साडेचार लाख नाही तर लाखात करणारे पण आहेत, आणि प्ले स्टोअरला टाकायला काय लागतंय, 25 डॉलर एकदाच.

टेस्टिंगवाली_मिरज

@स्टार्टअप_राजे पैसे उभे करायचेत असं त्यानं कुठं लिहिलंय? आणि उद्या करायचे झालेच तर रिकाम्या डॅशबोर्डपेक्षा "बदली टोळी मागणाऱ्या इतक्या जणांनी आधी पैसे दिले" हे वाक्य जड आहे.

प्ले स्टोअरचं पण एवढं सोपं राहिलं नाही. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेलं पर्सनल डेव्हलपर अकाउंट असेल तर आधी क्लोज्ड टेस्ट (निवडक लोकांपुरती) करावी लागते, कमीत कमी 12 टेस्टर सलग 14 दिवस जोडलेले पाहिजेत, मग ॲप सगळ्यांसाठी खुलं करायचा (प्रॉडक्शनचा) अर्ज (आधी 20 टेस्टर होते, नंतर 12 केले). छाटणीच्या तोंडावर बारा मुकादमांना जीमेल अकाउंट विचारत फिरणार का? मित्र-मैत्रिणींना टेस्टर करून नियम पुरा होईल पण त्यांनी "बटणाचा रंग छान" सांगितलेलं काही कामाचं नाही, त्यांच्याकडं ना बाग ना टोळी.

फ्लटरवाल्या मित्राला अगदीच काम द्यायचं असेल तर ते तुझ्यासाठी द्यायचं, गिऱ्हाइकासाठी नाही. एकच स्क्रीन, आज कुठली टोळी कुठं बसून आहे, मोठ्या अक्षरात, फोनचं बटण शेजारी. ते पण पहिले दोन आठवडे शीटवर हाल काढून झाल्यावर, म्हणजे काय हवंय ते कळलेलं असेल. आणि ते बागेत उभं राहून, उन्हात, रेंज एक काडी असताना चालवून बघ, विश्रामबागेतल्या वायफायवर सगळंच चालतं.

अजून एक, मुकादमांचे नंबर त्यांना विचारल्याशिवाय शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरवू नकोस. लोक सहज करतात हे, आणि एकदा मुकादमाचा विश्वास गेला की गेला.

बागायतदार_मणेराजुरी

ताईचं बदली टोळीचं बोलणं पटलं. मी आधी म्हणालो बघू की, पण अर्धी बाग छाटून टोळी पळालेली असली तर मी 200 काय 500 पण देईन, त्या वेळी दर विचारायला डोकं ताळ्यावर नसतं. फक्त एक, फोन तू स्वतः उचल. एक दाबा दोन दाबा ते नको.

आणि नुसतं छाटणीवर थांबू नको. विरळणीला जास्त ओढाताण होते असं माझं मत. मणी हरभऱ्याएवढे झाले की टाइम निघून जातो आणि विरळणीला माणसं छाटणीपेक्षा जास्त लागतात. छाटणीत जे शिकशील ते विरळणीला वापर, एका सीझनमध्ये दोनदा बघायला मिळेल तुला.

सावळज_ते_सांगली

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. एजन्सीला काल मेल टाकला की आत्ता नको. वडील खूश, ब्लोअरचं कोटेशन मागवायला लागलेत, तो वेगळाच विषय झाला.

आता असं ठरवलंय. सीझनची बुकिंग घ्यायची नाही. फक्त "ठरलेली टोळी आली नाही, बदली पाहिजे" एवढंच. दोन पट्टे, आमच्याकडचा आणि सलगरे बाजूचा, तारखा थोड्या पुढं-मागं आहेत आणि गाडीनं फार लांब पण नाही. टोकन 200, टोळी आली नाही तर त्याच संध्याकाळी परत. गाडीभाडं शेतकऱ्याचं, आधी सांगायचं, व्हॉइस मेसेजवर दोघांना पाठवून ठेवायचं म्हणजे नंतर मी असं म्हणालोच नाही होणार नाही. एकराच्या मापाचं भांडण होऊ नये म्हणून झाडांची संख्या आधीच विचारून लिहायची, जत_पूर्व हे बरोबर आहे का ते सांग. पास-नापास कागदावर लिहून बहिणीला पाठवलंय, ती सोडणार नाही. पहिली छाटणी, मग विरळणी, मग ठरवू ॲप काढायचं का आहे असंच फोनवर चालवायचं का गुंडाळायचं.

एकच गोष्ट सुचत नाहीये, मुकादम रोज मला "आज मोकळा" का कळवतील? काम मिळेल तेव्हा मिळेल, रोज फोन करायचा कंटाळा येणार.

विश्रामबाग_कट्टा

त्यांनी कळवायचं नाही, तू फोन करायचा. रोज संध्याकाळी. वीस-पंचवीस मुकादम धर आणि लाव. ॲप नसताना हे कष्ट करायचेच आहेत, आणि किती मुकादम रोज फोन उचलतात आणि किती दिवसांनी वैतागतात हे पण शीटमध्ये टाक. उचलायचेच बंद झाले तर ती पण टेस्टच झाली की.

जत_पूर्व

झाडांच्या संख्येचं बरोबर आहे, झाडावर बोलणं झालं की मापाचा वाद राहत नाही. पण वेली मांडवावर आहेत का वाय आकाराच्या आधारावर ते पण विचार, कामाला फरक पडतो.

रोजच्या फोनचं म्हणशील तर संध्याकाळी सातनंतर कर, त्याच्या आधी टोळी कामावर असते आणि आठच्या पुढं मुकादम उद्याच्या गाडीच्या मागं असतो. चुलत्यांशी बोललोय, ते म्हणाले कर म्हणावं फोन, ओळखीतल्या अजून दोन-तीन मुकादमांना सांगतो. मेसेजमध्ये तुझा नंबर टाक, मी देतो त्यांना. पहिला प्रश्न ते हाच विचारणार की काम झाल्यावर शेतकऱ्यानं पैसे अडवले तर तू काय करणार, त्याचं उत्तर ठरवूनच फोन कर.